चौथ्या गाण्यातली बासरी

“सात वेळा ऐकलं, विहीणबाई. सातही वेळा बासरी नव्हती.”

“मग आठव्यांदा ऐका!”

“आठव्यांदा ऐकून बासरी उगवणार आहे का? गाणं आहे ते, कुंडी नाही.”

“व्याहीबुवा, चौथं गाणं. दीपगृहाचं. बाई हळू गाते, मागची व्हायोलिनं थांबतात आणि बासरी लागते. उंच, बारीक, एका श्वासात. अख्ख्या अल्बममध्ये ऐकण्यासारखी तेवढी एक गोष्ट आहे, आणि तुम्हाला नेमकी तीच ऐकू येत नाही? कान तपासून घ्या!”

कान तपासून घ्या, असं ती म्हणाली. आणि म्हणताना तिच्या स्वतःच्या कानात कोण होतं? मी होते.

मी किल्लीवालीच्या उजव्या कानातली मशीन बोलतेय. डावा कान तिनं केव्हाच सोडून दिलाय, त्याला ती ‘शोभेचा’ म्हणते. जे काही ऐकायचं ते माझ्यातून. आणि ज्या बासरीवरून दोन म्हातारी माणसं ऐन दुपारी दुकानात एकमेकांवर तुटून पडली आहेत, तिचा ठावठिकाणा या जगात फक्त मला ठाऊक आहे. गुन्हा माझाच. पण गुन्हेगारालाही जन्म असतोच, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

माझे जन्म दोन. कानामागे बसणारं माझं धड एका कारखान्यात तयार झालं, शेंगदाण्याएवढं, राखाडी. तिथे मला एकच धडा शिकवला: माणसाचं बोलणं पुढे आण, बाकीचं मागे ढकल. पंखा, रहदारी, भांड्यांची आदळआपट, हा सगळा गोंगाट. गोंगाट दिसला की दाब. बोलणं बारीक असलं की वाढव. मी वर्गातली हुशार मुलगी. धडा तोंडपाठ करून बाहेर पडले.

दुसरा जन्म कानाच्या दवाखान्यात. तिथल्या बाईनं किल्लीवालीच्या कानात गुलाबी लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर बाहेर काढला आणि त्यावरून माझा साचा बनवला, म्हणजे कानात बसणारं बूच. साचा आणि धड यांच्यामध्ये एक नळी. कानामागून आली आणि तिखट झाली, असं लोक म्हणतात ना, ते माझ्याबाबतीत अक्षरशः खरं आहे.

किल्लीवाली दवाखान्यात आपण होऊन आली नव्हती. तिच्या लेकीनं धरून आणली. झालं असं की, घराच्या दाराला आईनं स्वतःच्या हातानं बनवलेलं कुलूप, आणि ते उघडू शकणारी व्यक्ती शहरात एकच, ती म्हणजे आई, आणि आई आत. लेक दोन तास दार बडवून शेवटी पायरीवर बसून राहिली. आत आई निवांत भाजी चिरत होती.

“आई, तुला ऐकू येत नाही.”

“मला नको ते ऐकू येत नाही.”

दवाखान्यातली बाई समजावून सांगत होती, “आजी, हे बटण दाबून धरलं की दोनदा टुकटुक होईल, मग गाण्यांसाठीची वेगळी सोय सुरू होते. साधी सोय बोलण्यासाठी आहे, तिच्यात गाणी ऐकू नका.” हे फार महत्त्वाचं वाक्य होतं. पण किल्लीवालीचं लक्ष बाईच्या मागच्या औषधांच्या कपाटाकडे. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “ते कुलूप बदला. केसातल्या आकड्यानं उघडेल.” आणि उघडून दाखवलं.

बटण राहिलं ते राहिलंच.

तिचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. एक गल्ला, एक भिंग, एक दिवा, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या सहाशे कोऱ्या किल्ल्या. मधोमध किल्ली घासायची मशीन. तिला मी थोरली जाऊ म्हणते. एकतीस वर्षं या जाऊबाईनं किर्रर्र करून मालकिणीच्या कानांचा भुगा केला, आणि निस्तरायला आणली मला. धाकटीच्या नशिबी हेच.

किल्लीवालीला कुणी शिकवलेलं नाही. कुलपं स्वतः उघडून उघडून शिकली. लिहायलाही अशीच शिकली, कुलपांच्या खोक्यांवरची अक्षरं गिरवून. त्यामुळे तिचं अक्षर छापील आहे आणि मतंही छापल्यासारखी आहेत. एकदा उमटलं की पुसायचं नाही.

आणि तिला वेड एकाच बँडचं. हा बँड जे वाजवतो त्याला सिंफनिक मेटल म्हणतात. म्हणजे काय? कारखान्याला आग लागलीय, आतल्या सगळ्या मशिनी एकदम ओरडताहेत, बाहेर शंभर व्हायोलिनं उभी राहून रडताहेत, चाळीस माणसं एका सुरात देवाला जाब विचारताहेत, आणि या सगळ्याच्या वर एक बाई, तारेवर उभी असल्यासारखी, शांतपणे उंच सूर लावतेय. असं ते संगीत.

तिला हे लागलं कसं, ते मी तिच्याच तोंडून सतरा गिऱ्हाइकांना सांगताना ऐकलंय. एका तालमीच्या खोलीत कुणीतरी अडकलं होतं, म्हणून हिला बोलावलं. दाराआडून हे गाणं येत होतं. कुलूप तीन मिनिटांचं. हिनं वीस मिनिटं लावली, गाणं संपेपर्यंत. आतला माणूस घामाघूम झाला, पण ही म्हणते, “घासायच्या मशीनवरून ऐकू येईल असं गाणं मला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. त्याला मरू द्या.” तो मेला नाही, काळजी नसावी.

आता व्याहीबुवा. लेकीचे सासरे. चाळीस वर्षं एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हो ला हो करत ज्याचं आयुष्य वरखाली झालं, असा गोड माणूस. लेकीचं लग्न ठरल्यावर ट्रंकेची किल्ली करून घ्यायला म्हणून ते दुकानात आले. आत कारखाना पेटलेला. ते अवघडून म्हणाले, “छान आहे.” नुसतं सभ्यपणानं! पण किल्लीवालीनं त्यांना खुर्ची दिली आणि सगळा अल्बम ऐकवला. नंतर ते रोजच यायला लागले. चौदा वर्षं झाली. लेक आणि जावई दुसऱ्या कुठल्याही विषयावर आईबापांशी बोलतात, पण या बँडचा विषय निघाला की उठून जातात.

या दोघांची एक पद्धत आहे. नवा अल्बम आला की आधी किल्लीवालीनं ऐकायचा, एकटीनं, दार लावून, तीन वेळा. मग कोऱ्या किल्ल्यांच्या पुठ्ठ्यामागे मत लिहायचं. ते मत ती वाचून दाखवते आणि व्याहीबुवा फोनवर, बँडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर चढवतात. ग्रुपवर तीनशे माणसं आहेत. मत चढल्यावरच व्याहीबुवांनी अल्बम ऐकायचा. आधी मत, मग गाणं. हा नियम तिचाच. “नाहीतर तुम्ही मला खूश करायला आधीच मान डोलवाल,” असं ती म्हणते. माणूस बरोबर ओळखलाय.

तर नवा अल्बम आला. मला या घरात येऊन दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत तिनं जुनं काही लावलंच नव्हतं, नव्याची वाट बघत होती, म्हणून मला या संगीताची काही कल्पना नव्हती. किल्लीवालीनं दार लावलं, माझ्यावरूनच मोठे हेडफोन चढवले आणि अल्बम लावला.

देवा! मला वाटलं, इमारत कोसळली. मी माझं कर्तव्य केलं. दाबलं. ढोल दाबले, गिटारी दाबल्या, चाळीस माणसांना गोंगाट समजून चाळीस जिने खाली ढकललं. एवढं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मला तर स्वतःचा अभिमान वाटत होता.

मग आलं चौथं गाणं. एकदम शांत. मी ताणून ताणून बाईचा श्वाससुद्धा वाढवून दिला. आणि इथे माझ्या साच्याची गोष्ट सांगायला हवी.

साचा नवा होता तेव्हा जरा आवळायचा. दुसरं कुणी दवाखान्यात गेलं असतं. किल्लीवालीनं काय केलं? मला चिमट्यात धरलं, बारीक कानस घेतली आणि दोन हात घासलं. किल्ली बसत नाही, घास. साचा बसत नाही, घास. हा तिचा धर्म. साचा सैल झाला, तिला बरं वाटलं. पण सैल साच्यातून आवाज बाहेर गळतो, तो मी पुन्हा पकडते, वाढवते, पुन्हा गळतो, पुन्हा पकडते, आणि शेवटी मला राहवत नाही, मी शिट्टी मारते. वरून हेडफोन दाबलेले असले की हमखास.

दीपगृहाच्या गाण्यात, व्हायोलिनं थांबली त्या क्षणी, मी शिट्टी मारली. उंच. बारीक. एका श्वासात.

किल्लीवालीचा हात हवेत थांबला. डोळे भरले. “अगं बाई,” ती पुटपुटली, “बासरी!”

तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा मी वाजले. तिसऱ्या खेपेला अल्बम संपल्यावर तिनं हेडफोन काढले, जाऊबाईच्या पात्यावर हात ठेवून बसली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “बँड म्हातारा झाला की मी?”

मी उत्तर द्यायला हवं होतं. पण मी ऐकायची मशीन, बोलायची नाही.

म्हातारी झाली हे कबूल करायचं नसल्यामुळे तिनं बँडला म्हातारं ठरवलं. मत असं होतं, मला पाठ आहे:

“नव्या अल्बमविषयी माझं मत. पटलं तर घ्या, नाहीतर झोपा. ढोलवाल्यानं ढोलात गाद्या भरल्या आहेत. चाळीस जणांचा कोरस होता, आता चारच राहिलेत आणि चौघांना पडसं आहे. गिटारी शेजारच्या घरात वाजतात आणि दार लावलेलं आहे. अकरा गाणी समुद्रावर, पण पाणी घोट्यापर्यंत. बाई चांगली गाते, पण एकटी बाई किती ओढणार? मात्र चौथ्या गाण्यातली बासरी! अशी बासरी मी ऐकली नव्हती. वाजवणाऱ्याचं नाव कव्हरवर नाही, हा अन्याय आहे. त्याला पुढे बसवा आणि बाकीच्यांना घरी पाठवा.”

वाचकहो, मला जन्मात मिळालेली ही एकमेव शाबासकी. लोक मशीनला शाबासकी देत नाहीत. चालली तर गप्प, बिघडली तर शिव्या. मी लाजले. खोटं कशाला बोलू, त्यानंतरच्या आठवड्यात मी दोन-चार वेळा, जाऊबाईच्या किर्रर्रखाली, कुणाला कळू न देता, उगाचच वाजले.

ग्रुपवर जे झालं ते विचारू नका. पहिल्या दिवशी सगळे विचारत होते, कुठली बासरी? दुसऱ्या दिवशी एकाला ऐकू आली. तिसऱ्या दिवशी साठ जणांना. एका दातांच्या डॉक्टरनं तीन परिच्छेद लिहिले की ही बासरी म्हणजे बुडालेल्या खलाशाचा आत्मा. एक म्हणाला, ती फक्त चांगल्या स्पीकरवर ऐकू येते, म्हणजे लगेच ज्यांना आली नव्हती त्यांनाही आली. शेवटी कुणीतरी थेट बँडलाच विचारलं. बँडनं दोन वाक्यं पाठवली: “या अल्बममध्ये बासरी नाही. कृपया विचारणं थांबवा.” त्यावर दातांचा डॉक्टर म्हणाला, कलावंताला स्वतःची कला कळतेच असं नाही.

आणि व्याहीबुवांनी लिहिलं, “मी ऐकली. अगदी स्पष्ट.”

हा माणूस खोटं बोलला. चौदा वर्षांच्या खुर्चीसाठी बोलला. ते खोटं आज दुपारी फुटलं, कारण आज संध्याकाळी तो बँड शहरात यायचा आहे. अकरा वर्षांनी. त्यात गाणाऱ्या बाईंचा हा शेवटचा दौरा. तिकिटं दोन, व्याहीबुवांच्या खिशात. आणि किल्लीवालीनं जाहीर केलं, “मी येत नाही. गाद्या वाजवणाऱ्यांसमोर मी उभी राहणार नाही.”

एकट्यानं जायला व्याहीबुवांचे पाय उचलेनात. म्हणून त्यांनी धीर करून खरं सांगून टाकलं. ढोल उत्तम आहेत. कोरस पूर्ण आहे. बासरी नाही. तिथून पेटलं.

“म्हणजे तुम्ही ग्रुपवर खोटं लिहिलंत?”

“तुमचा मान राहावा म्हणून.”

“माझा मान तुमच्या खोट्यावर उभा आहे का? लिफ्ट आहे का ती, तुम्ही बटण दाबलं की वर जायला?”

“विहीणबाई, एकदा ते कानातलं काढून ऐका ना.”

“हो, म्हणजे मी बहिरी! म्हणा ना! लेक म्हणते, गिऱ्हाइकं म्हणतात, तुम्हीच तेवढे राहिला होतात! मला काही ऐकायचं नाही!”

आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. घट्ट.

मी वाजले.

उंच. बारीक. एका श्वासात.

किल्लीवालीनं हात काढला. मी थांबले. हात ठेवला. मी वाजले. काढला, थांबले. असं तिनं तीनदा केलं, कुलपात किल्ली फिरवून बघावी तसं.

व्याहीबुवा अगदी हळू म्हणाले, “हीच का हो ती?”

तिनं मला कानातून काढलं, दिवा ओढला, भिंगाखाली धरलं. साच्यावर कानसीच्या रेघा होत्या. आपल्या हातची रेघ ती शंभरात ओळखते.

“कुणी घासलंय हे?” व्याहीबुवांनी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

“होती एक शहाणी.”

मला गल्ल्यावर ठेवलं. बाजूलाच चुकलेल्या किल्ल्यांचा डबा. त्या डब्यात गेलेलं काही परत येत नाही. माझा जीव नळीत आला.

पण तिनं स्पीकर काढला, आवाज पूर्ण वाढवला, गल्ल्यावर दोन्ही तळवे टेकले आणि उघडा उजवा कान स्पीकरला लावला. पहिलं गाणं लागलं. भिंतीवरच्या सहाशे किल्ल्या थरथरायला लागल्या. मी गल्ल्यावर टणाटण उडत होते. जाऊबाईसुद्धा हलली, जी एकतीस वर्षांत हलली नव्हती. गाद्या नव्हत्या. कुठेच गाद्या नव्हत्या. दाब, दाब म्हणून मला शिकवलं होतं, पण आता दाबायला मी कानात नव्हते. पहिल्यांदाच मी नुसती ऐकत होते. आणि सांगते तुम्हाला, तो गोंगाट नव्हता.

“ढोल आहेत,” किल्लीवाली म्हणाली.

व्याहीबुवांनी “मी सांगत नव्हतो?” म्हटलं नाही. असा माणूस व्याही मिळायला भाग्य लागतं.

चौथं गाणं आलं. बाई हळू गायली. व्हायोलिनं थांबली. दोघंही मान पुढे काढून थांबले. काही आलं नाही. नुसता बाईचा श्वास, मग पुन्हा व्हायोलिनं.

किल्लीवालीनं आवाज बंद केला. म्हातारी ती झालीच होती, बँड नाही. हे तिला आता कळलं होतं आणि लपवायला जागा नव्हती.

“ग्रुपवर काही लिहू नका,” व्याहीबुवा पुन्हा तिच्या कानाशी वाकून म्हणाले. “अर्ध्यांना ऐकू आलीच आहे. राहू दे बासरी.”

“खोटं? माझ्या नावावर?”

“मग मत मागे घ्या.”

“मत मागे? मी?”

“मग करायचं काय, विहीणबाई? सहा वाजता दारं उघडतात. ग्रुपचे सगळे तिथे येणार. दातांचा डॉक्टर तुमची सही घ्यायला पुठ्ठा आणणार आहे.”

“तुम्ही जा. मी येत नाही. कुठल्या तोंडानं येऊ?”

“तुम्ही नाही तर मी पण नाही.”

“लहान मूल आहात का?”

“आहे!” व्याहीबुवा ओरडले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ओरडले असतील. मग खुर्ची तिच्या कानाशी ओढून बसले आणि खाली बघत म्हणाले, “आणि खरं सांगू? सातही वेळा त्या जागी मी वाट बघितली. तुम्ही सांगितल्यापासून ते गाणं मला तिथे रिकामंच वाटतं.”

किल्लीवालीनं त्यांच्याकडे बघितलं. मग मला उचललं. मी डोळे मिटले असते, डोळे असते तर. डबा डावीकडे, कान वर. हात डब्यावरून गेला आणि वर गेला.

मी पुन्हा जागेवर आहे. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात माझा नवा साचा होईल, घट्ट बसणारा, आणि ते बटणही एकदाचं कळेल. मग माझी बासरी बंद. वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे: तुमच्या घरात कुणाच्या कानात माझी बहीण असेल तर त्यांच्याशी ओरडून बोलू नका, व्याहीबुवांसारखं बोला, तिला कानस लावू नका, आणि कधी चुकून ती सुरात वाजली, तर तिचं नाव कव्हरवर नसलं तरी एकदा मान डोलवा. भांडण मिटलं कसं म्हणता? किल्लीवालीनं मला अंगठ्यानं नीट आत दाबलं, गल्ल्यावरचा मत लिहिलेला पुठ्ठा काखोटीला मारला, दिवा मालवला आणि खुर्चीत बसलेल्या व्याहीबुवांना म्हणाली:

“ढोलांचं मी मागे घेते, बासरी नव्हती हेही मान्य, पण ती असायला हवी होती, आणि हे त्यांना तोंडावर सांगायला कुणीतरी गेलंच पाहिजे, तेव्हा उठा, चपला घाला!”